मागच्या रांगेचा कागद

आमच्या बंदराच्या बाजारात कुणाचे हात कोरडे नसतात. पहाटे लिलावाचा माल आला की तेव्हापासून बर्फ, खारं पाणी आणि मासळीचं रक्त. म्हणून बँकेची पोरगी गाळ्यावर आली की कागदावर शिक्का तिनंच मारायचा, नाहीतर शेजारणीनं, ही आमची रीत. सही-बिही आम्हाला माहीत नाही. नाव कोरलेला करंगळीएवढा लाकडी शिक्का, लाल शाईत टेकवून मारला की झाला व्यवहार.

माझा शिक्का गाळ्याच्या खांबाला सुतळीनं टांगलेला असायचा. त्याच सुतळीला दुसरा शिक्का होता, हान मालसुनचा. आक्का म्हणते मी तिला. मी बांगडे विकते आणि शेजारच्या गाळ्यावर ती तीस वर्षं वाम सोलते. फळीवरच्या खिळ्याला वामीचं डोकं ठोकायचं, मानेखाली चीर द्यायची आणि एका हिसक्यात कातडं खाली. तिचे हात इतके बुळबुळीत की शिक्का तिच्या बोटांत ठरत नाही, आणि अक्षर तर ती एक वाचत नाही. पंधरा वर्षांपूर्वी तिनं शिक्का माझ्या हातात दिला. "दोयनची आई, तूच मारत जा गं. तुझं डोकं चालतं," म्हणाली. चालतं म्हणे! आग लागो त्या डोक्याला.

बँकेची पोरगी म्हणजे यू हेरिम. रोज अकराला यायची, खांद्याला बॅग, टाचा उचलत, डबकी चुकवत. मोठ्या बँकांना आमच्या वासाचं वावडं. ही छोटी बचत बँक मात्र गाळ्यापर्यंत यायची, ओल्या नोटा हसत मोजून घ्यायची, मावशी-मावशी करायची. आमच्या ओळीतल्या झाडून सगळ्या बायकांचे पैसे तिच्याकडे होते.

आक्काचे चार कोटी तीस लाख वॉन होते. वाडगाभर रस्सा-भात आमच्याकडे पाच हजारांना मिळतो. तीस वर्षांत तिनं तो चारदासुद्धा विकत घेऊन खाल्ला नसेल. घरून आणलेला गार भात आणि मुळ्याची किमची, बस्स. हे सगळं कुणासाठी, तर दोकबेसाठी. दोकबे तिचा मुलगा. वय सत्तेचाळीस आणि अक्कल चार वर्षांच्या पोराएवढी. बुटाचे बंद आई बांधते, मासा आई निवडून देते, मधूनच फिट येते. आक्का अठ्ठ्याहत्तरची. तिचं हृदय थकलंय, चार पायऱ्या चढली की ओठ निळे पडतात. "मी मेले की याला कोण जेवायला घालील?" हे तिचं पालुपद. मिर्यांगला एक संस्था आहे, असल्या माणसांना जन्मभर सांभाळते. एकरकमी चार कोटी भरले की दोकबेची काळजी मिटली. आक्का त्या दिवसासाठी जगत होती, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं.

परवाच्या चुसोकच्या, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाच्या, आधीचा आठवडा. सणाची गर्दी, मला मान वर करायला फुरसत नाही, आणि हेरिम उभी.

"मावशी, नवा कागद आलाय. ठेवीला पाच टक्के मिळतात, याला आठ. दुय्यम रोखा म्हणतात."

"दुय्यम म्हणजे काय गं?"

"म्हणजे आपला नंबर जरा मागं. द्यायची वेळ आली तर बँक आधी ठेववाल्यांना देणार, मग आपल्याला. बाकी ठेवीसारखंच."

मला ते लगेच पटलं. का पटलं ते सांगते, आणि हसू नका. लिलावात जो पुढं घुसतो त्याला महाग पडतं. मागच्या रांगेत गप उभं राहिलं, थोडी कळ काढली, की तोच बांगडा स्वस्तात हाती लागतो. जन्मभर मी मागच्या रांगेत उभी राहून पोट भरलंय. मला वाटलं, हेही तसंच. मागची रांग पुढं सरकेपर्यंत कोठारच रिकामं होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. कागदाच्या तिसऱ्या पानावर लिहिलं होतं म्हणे. गिऱ्हाईक समोर उभं असताना तिसरं पान कोण वाचतं?

माझे सहा कोटी होते. मी हो म्हटलं.

"आणि आजींचं?" हेरिम म्हणाली. "आज शेवटचा दिवस आहे, मावशी. त्यांचं राहून जाईल."

आक्का त्या दिवशी गाळ्यावर नव्हती. दोकबेला फिट आली म्हणून त्याला घेऊन दवाखान्यात होती. थांबायला हवं होतं मी. एक दिवस. पण मला वाटलं, तिचं नुकसान कशाला, नंतर सांगू. सुतळी ओढली, आधी माझा शिक्का मारला, मग तिचा. चार ठिकाणी. तिचा शेवटचा शिक्का मारताना मी कुणाला तरी बांगड्याचा भाव सांगत होते, हेसुद्धा आठवतंय मला.

दुसऱ्या दिवशी हेरिमनं एक पेटी आणून दिली. खायच्या तेलाच्या सहा बाटल्या आणि डबाबंद मासे. "नव्या कागदाला आणखी एक गिऱ्हाईक जोडलंत ना, म्हणून." मासळीवालीला डब्यातले मासे! मी पोट धरून हसले आणि पेटी घरी नेली. आक्काला एवढंच म्हटलं, "तुझं व्याज वाढवून आणलंय." तिनं दोन जाडजूड वाम कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत कोंबल्या. नको म्हटलं तरी ऐकेना.

जानेवारीत मिर्यांगहून निरोप आला. एक जागा रिकामी झाली होती, मार्चअखेर पैसे भरायचे. आक्का माझ्या गाळ्यावर आली ती जवळजवळ नाचतच. "मार्च लागला की मला बँकेत घेऊन जा."

पण तो कागद पाच वर्षं मोडता येत नव्हता. मी हेरिमला कोपऱ्यात घेतलं.

"मावशी, मी दुसरं गिऱ्हाईक बघते, त्याच्या नावावर करू. फेब्रुवारीअखेरपर्यंत द्या मला. आजींना आत्ताच काही बोलू नका, उगाच घाबरतील."

मी बोलले नाही. मला कुठं बोलायचं होतं?

फेब्रुवारीत एका सकाळी बँकेचं शटर उघडलंच नाही. वर एक कागद चिकटवलेला, 'व्यवहार स्थगित'. आम्ही रबरी बुटांसकट धावलो. कुणी शटरवर लाथा घालत होतं, कुणी रस्त्यावर फतकल मारून बसलं होतं. सुकटवाली मावशी तर कुणाचीही गचांडी धरायला तयार. मग एकेक कळत गेलं. संचालकांच्या सासुरवाडीची माणसं आदल्या संध्याकाळीच मागच्या दारानं आपापले पैसे घेऊन गेली होती. बाकीचे पैसे बँकेनं जमिनींत आणि इमारतींत घातले होते, तेही संचालकांच्याच मेव्हण्या-भाच्यांच्या कंपन्यांना उधार देऊन. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! इमारती विकल्या असत्या तर नफा त्यांचा. नाही विकल्या, तर बुडाले ते आमचे.

त्या गोंधळात एकच बाई शांत होती, आक्का. "टीव्हीवर सांगितलंय, पाच कोटींपर्यंतच्या ठेवीला सरकारची हमी आहे," ती सगळ्यांना धीर देत होती. "माझे तर चार कोटी तीस लाख. माझं काही जात नाही. दोन कोटी आगाऊ देतायत, तेवढ्यावर संस्था जागा धरून ठेवील." मला म्हणाली, "तुझे सहा ना गं? वरचा एक कोटी गेला बघ तुझा." आणि माझी पाठ चोळली. माझी पाठ!

त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दहा दिवस नाही सांगितलं. रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. ती वाम सोलत बसलेली दिसायची आणि मी बांगडे मांडायला लागायची. वाटायचं, काहीतरी होईल, सरकार काहीतरी करील. भित्रं माणूस असंच दिवस ढकलतं.

आगाऊ पैसे मिळायचा दिवस आला. नंबरासाठी आक्का दोन दिवस थंडीत पुठ्ठ्यावर बसली होती, मी तिच्याशेजारी. आमचा नंबर लागला. खिडकीतल्या माणसानं तिचं ओळखपत्र बघितलं, मशीनवर बोटं मारली, पुन्हा मारली.

"आजी, तुमच्या नावावर ठेव नाही."

"नीट बघ रे बाळा. हान मालसुन. मालसुन म्हणजे शेवटची. पाचवी मुलगी झाली म्हणून बापानं ठेवलेलं नाव, दुसरं कुणाचं असणार?"

"नाव आहे. पण दुय्यम रोखा आहे. त्याला हमी नाही. तुम्ही शेवटच्या रांगेत."

"शेवटची तर मी जन्मापासून आहे," आक्का हसत म्हणाली. तिला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. मग तिनं माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा बघून तिचं हसू गेलं.

"फसवलं, आक्का," मी ओरडले. "बँकेनं फसवलं आपल्याला! चोर मेले!" मी खिडकीवर मुठी आपटल्या, रडले, शिव्या घातल्या. सगळं खरं होतं आणि सगळं खोटं होतं. माझा रडण्याचा आवाज एवढा मोठा होता की शिक्का कुणी मारला हे कुणी विचारलंच नाही. आक्कानंही नाही.

मार्चमध्ये बुडालेल्या लोकांच्या समितीनं बस केली. पैसे गेले कुठं ते बघून तरी येऊ म्हणाले. दोन तासांवर समुद्रकाठची दलदल. नुसतं लव्हाळं, चिखल, आणि एक फलक, ज्यावर तीस मजल्यांच्या बारा इमारती आणि नौका रंगवलेल्या. खरी उभी होती ती एकच गोष्ट, गिऱ्हाइकांना दाखवायचं नमुन्याचं घर. कुलूप कुणीतरी आधीच तोडलं होतं.

आत सोफा, जेवणाचं टेबल, पुठ्ठ्याचा टीव्ही. आक्का धापा टाकत सोफ्यावर बसली. "मऊ आहे," म्हणाली. मग उठून स्वयंपाकघरातला नळ फिरवून बघितला. नळ नुसताच भिंतीला चिकटवलेला होता, तो हातातच आला.

"माझ्या दोकबेचे पैसे एवढ्यात गेले होय?" ती नळ उलटासुलटा करत म्हणाली. "मी वाम सोलते तर गिऱ्हाइकाला विचारून सोलते. जिवंत दाखवते, वजन करते, मगच खिळ्याला ठोकते. यांनी एकदा तरी विचारलं का गं, मालसुन, तुझे पैसे चिखलात घालू का म्हणून?"

सुकटवाली म्हणाली, "आक्का, कुंपणानंच शेत खाल्लं, विचारणार कोण?" सगळ्या हो म्हणाल्या. मीही मान डोलावली. बँकेनं तिला विचारलं नाही हे खरं. मी तरी कुठं विचारलं होतं?

दोन दिवसांनी हेरिम आली, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. बाजारातल्या बायकांनी तिला आधी दोनदा पाणी मारून हाकललं होतं. ती माझ्या गाळ्यामागं बर्फाच्या खोक्यांत वाकून बसली.

"माझ्या आईचे पैसेही त्याच कागदात आहेत, मावशी. आम्हाला वरून आकडा दिला होता, इतके कागद खपवायचेच. बँकेला रोकड कमी पडतेय हे आम्हाला सांगितलं नव्हतं." तिला हुंदका आला. मला तिची कीवही आली आणि तिच्या मुस्काटात द्यावीशीही वाटली. "एक सांगायला आलेय. शुक्रवारी वॉर्ड कार्यालयात सरकारी माणसं तक्रारी घेणारेत. आजींचा शिक्का आजींना न विचारता मारला गेला, असं कुणी सांगितलं तर तो कागदच रद्द होतो. त्यांची जुनी ठेव परत उभी राहते. सगळे पैसे."

"म्हणजे मी सांगायचं."

"तुम्हीच होतात ना, मावशी. पण मग तुमच्यावर खटला होऊ शकतो. आणि तुम्हाला सगळं समजत होतं, वर भेटही घेतलीत, असं धरून तुमची स्वतःची तक्रार बाद होईल. तिच्यातून तुम्हाला तिसरा हिस्सा तरी मिळाला असता."

तिसरा हिस्सा म्हणजे दोन कोटी. सोलमध्ये पोटमाळ्यावर राहणाऱ्या माझ्या दोयनच्या लग्नाचे आणि घराच्या डिपॉझिटचे. माझं वय एकसष्ट. पुन्हा सहा कोटी जमवायला मला अजून एक जन्म लागला असता. आणि तुरुंग! माझ्या सात पिढ्यांत कुणी पोलीस चौकीची पायरी चढलेलं नाही. एकदा वाटलं, गप्प बसावं, म्हातारी आणखी किती दिवस जगणार? हो, असलंही मनात आलं. मी काही देवी नाही. तेवढ्यात बाजूच्या गाळ्यावर आक्का दोकबेला म्हणाली, "तोंड उघड राजा, काटा नाही यात," आणि मी तोंड फिरवून नळाखाली हात धूत उभी राहिले.

शुक्रवारी आम्ही दोघी वॉर्ड कार्यालयात गेलो. सात नंबरच्या टेबलाशी चाळिशीची एक अधिकारीण होती, डोळे झोपेवाचून सुजलेले. तिच्यापुढं कागदांचा ढीग. प्रत्येकाला तेच प्रश्न.

"हान मालसुन. कागद तुम्हाला वाचून दाखवला होता का? शिक्का कुणी मारला?"

आक्कानं नीट ऐकू यावं म्हणून कानामागं हात धरला. ती काही बोलायच्या आत मी म्हणाले, "मी मारला."

बाईंनी मान वर केली.

"मी. शिन बोकनिम. हिला न विचारता. ही त्या दिवशी पोराला घेऊन दवाखान्यात होती. मला तेलाच्या बाटल्या मिळाल्या त्याबद्दल." आक्काकडं बघायची माझी छाती झाली नाही. मी टेबलाच्या कडेकडं बघत सगळं ओकून टाकलं, चुसोकपासून ते हेरिमपर्यंत.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "शिनबाई, हे मी लिहिलं की पोलिसांकडं जाणार. दुसऱ्याचा शिक्का मारणं हा गुन्हा आहे. तुमची तक्रारही जाईल. कळतंय ना?"

"कळतंय. लिहा. हिचे पैसे मिळतील ना?"

"कागद खोटा आहे असं कोर्टानं म्हटलं तर मिळतील."

"कधी?"

"तपास होणार, मग कोर्ट. दीड वर्ष धरा. दोनही लागतील."

संस्थेची मुदत तेरा दिवसांवर होती. आणि आक्काला डॉक्टरनं सांगितलं होतं, पुढचा चुसोक बघितलास तर नशीब. तरी मी म्हणाले, "लिहा."

"लिहू नका," आक्का म्हणाली. आवाज खणखणीत. "ही खोटं बोलतेय. पहिल्यापासून हिला पुढं पुढं करायची खोड आहे. शिक्का मी मारला."

"आक्का!"

"तू गप बस गं. बाई, माझ्या हातानं मारला मी. जास्त व्याज मिळतंय म्हणून हावरटपणा केला. लिहा."

"आजी, तुम्ही दवाखान्यात होता असं या म्हणतात."

"सकाळी गेले, दुपारी परत आले. मला काय पाय नाहीत?"

बाईंनी एक कोरा कागद आणि शाईची डबी तिच्यापुढं सरकवली. "मग इथं मारून दाखवा."

पंधरा वर्षांत तिनं शिक्का हातात धरला नव्हता. मी तो सुतळीवरून सोडून बरोबर आणला होता; माझ्याकडून घेताना तो तिच्या बोटांतून दोनदा निसटला. तिसऱ्यांदा तिनं दोन्ही हातांनी धरून जोर लावून दाबला.

"उलटा आलाय, आजी," बाई हळूच म्हणाल्या.

"अख्खी बँक उलथली तेव्हा तुम्हाला दिसलं नाही, आणि माझा एवढासा शिक्का उलटा दिसला होय?"

बाजूच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आक्काकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं, हे मी शपथेवर सांगते. "शेवटचं विचारते, आजी. काय लिहू?"

"स्वतः मारला, असं लिही पोरी."

बाईंनी तसं लिहिलं.

बाहेर पायऱ्यांवर मी तिचा दंड धरला. "वेडी झालीस का? सगळे पैसे मिळत होते तुला! का असं केलंस?"

"कधी मिळत होते? दोन वर्षांनी? माझ्या तेराव्याला?" ती कठड्याला टेकली, ओठ निळे पडले होते. दम खाऊन म्हणाली, "तू मारलास हे मला चुसोकपासून ठाऊक आहे."

मी तिचा दंड सोडला.

"वाचता येत नाही म्हणून मला दिसतही नाही, असं वाटलं तुला? पासबुक उशाशी घेऊन झोपते मी. निळं पासबुक गेलं आणि त्याच्या जागी पांढरा कागद आला. तेलाची पेटीही बघितली तुझ्या हातात. एक बाटली सुद्धा दिली नाहीस गं मला, चिकटे!"

"मग बोलली का नाहीस, आक्का? तेव्हाच का नाही भांडलीस?"

"कशाला भांडू? तू म्हणालीस व्याज वाढवलं, मला वाटलं वाढवलं असेल. बँकेत कोण बसतं ते मी कुठं बघायला गेले होते? हेरिमलाही मी काय ओळखते? मी पैसे बँकेत ठेवलेच नव्हते, दोयनची आई. तुझ्याकडं ठेवले होते."

मी पायरीवर बसले. येणारे-जाणारे आमच्याकडं बघत होते, बघू देत. एवढ्या शिव्या मी बँकेला घातल्या होत्या, पण मला अशी एक शिवी कुणी दिली नव्हती. ती तर शिवीही नव्हती.

"तू तुरुंगात गेलीस तर मला काय मिळणार?" ती म्हणाली. "माफ केलं असं समजू नकोस. मेल्यावरही करणार नाही. पण पैसे बुडाले, संस्था बुडाली, तू तेवढी उरलीस. तेव्हा आता दोकबेला तू बघायचंस."

खरं सांगू? मला पळून जावंसं वाटलं. त्या सत्तेचाळीस वर्षांच्या पोराची मला भीती वाटते. तो फिट आली की डोळे फिरवतो, चिडला की चावतो. माझे सहा कोटी गेले, गुडघे गेले, दोयनला अजून काही सांगितलेलं नाही. मी कसं सांभाळणार कुणाला? पण "नाही" म्हणायला तोंड कुठं होतं मला?

"हो," मी म्हणाले.

"नीट म्हण."

"हो, आक्का. मी बघीन."

रविवारी दुपारी तिनं मला घरी बोलावलं. दोकबे जमिनीवर पाय पसरून बसला होता. आक्कानं माझ्या हातात छोटी कात्री दिली. "आधी नखं. यातच तो सगळ्यात जास्त त्रास देतो. उजव्या हातापासून सुरू करायचं, आणि मोठ्यानं मोजायचं. मोजलं की हात ओढत नाही. दहापर्यंत येतं त्याला."

"तू धर ना त्याला, आक्का. आज पहिलीच वेळ आहे."

"मी बाहेर बसणार. तो मला हाका मारील, रडेल. मी यायची नाही. त्याला कळलं पाहिजे आणि तुलाही कळलं पाहिजे." तिनं दोकबेच्या केसांवरून हात फिरवला, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

दोकबेनं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आई-आई करून भोकाड पसरलं. मी त्याचा उजवा हात धरला. त्यानं हिसका दिला, कात्री लांब उडाली. दाराबाहेर तिच्या धापा मला ऐकू येत होत्या, पण दार उघडलं नाही. मी गुडघ्यांवर रांगत जाऊन कात्री आणली, त्याच्यासमोर परत बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "एक."